हस्तलिखित कोणाच्या हाती? भटक्या-विमुक्तांचे लेखन आणि प्रकाशनाचा अधिकार

१

सातारा जिल्ह्यातील फलटण तालुक्यात, निरगुडी या गावी जन्मलेल्या लक्ष्मण माने यांचे 'उपरा' हे आत्मकथन १९८० साली मुंबईच्या 'ग्रंथाली'ने प्रकाशित केले. १९८१ साली त्यास साहित्य अकादमीचा पुरस्कार मिळाला. मराठी समीक्षेने या पुस्तकाकडे प्रामुख्याने लेखनाची घटना म्हणून पाहिले. अनुभवाची दाहकता, बोलीचा वापर, आत्मकथन की आत्मचरित्र हा संज्ञेचा वाद, दलित साहित्याशी असलेले नाते या मुद्द्यांची चर्चा पुढील चार दशके होत राहिली. 'उपरा' ही प्रकाशनाचीही घटना होती, याकडे मात्र फारसे लक्ष गेले नाही. फलटणच्या माळरानावरील कैकाडी जीवन पुस्तकरूपाने वाचकांपुढे आले ते मुंबईतील एका वाचक चळवळीमुळे. ती चळवळ नसती तर ते लेखन कोणी व केव्हा छापले असते, हा प्रश्न वाङ्मयेतिहासाने विचारावयास हवा होता.

भटक्या-विमुक्तांच्या साहित्याचा प्रश्न आज केवळ लेखनाचा राहिलेला नाही. तो प्रकाशनाच्या अधिकाराचा झाला आहे. कोणते हस्तलिखित पुस्तक होईल, ते कोणत्या भाषेत राहील, त्यातील काय गाळले जाईल आणि त्याची दुसरी आवृत्ती निघेल की नाही, हे निर्णय ज्यांच्या हाती असतात त्यांच्या वर्तुळात या समाजांतील माणसे क्वचितच दिसतात. म्हणून सातारा-सांगली परिसरात या समाजांच्या संपादकीय अधिकाराखाली चालणारी स्वतंत्र प्रकाशनसंस्था ही वाङ्मयीन गरज ठरते.

येथे संज्ञांविषयी थोडे स्पष्टीकरण आवश्यक आहे. जगभर ज्यांना मूलनिवासी म्हटले जाते त्यांच्याशी महाराष्ट्रात प्रथम आदिवासींचे नाते जोडले जाते, आणि ते योग्यही आहे. परंतु या दोन जिल्ह्यांत कैकाडी, वडार, पारधी, रामोशी, डोंबारी, गोपाळ, नंदीवाले, गोंधळी अशा अनेक जमातींचे वास्तव्य व भ्रमण आहे आणि त्यांची शासकीय वर्गवारी एकसारखी नाही. एकच कैकाडी जमात विदर्भातील बहुतेक जिल्ह्यांत अनुसूचित जातींत, तर पश्चिम महाराष्ट्रात विमुक्त जातींत मोडते. १८७१ च्या गुन्हेगार जमाती कायद्याने ज्यांच्यावर जन्मजात गुन्हेगारीचा शिक्का मारला, तो कायदा ३१ ऑगस्ट १९५२ रोजी रद्द झाल्यावर ज्यांना 'विमुक्त' हे नाव मिळाले, त्यांच्या अनुभवाची सीमारेषा तहसील कचेरीतील दाखल्याने ठरत नाही. सांगली जिल्ह्यातील वाटेगावच्या अण्णाभाऊ साठे यांची 'फकिरा' (१९५९) ही कादंबरी सरकारी हजेरीची जाचक यातना ज्या तीव्रतेने मांडते, ती या वर्गवारीच्या पलीकडची आहे. प्रकाशनाचा विचार करतानाही हे व्यापक भान राखावे लागते.

२

अशी संस्था खेड्यापाड्यांच्या या मुलखात कशी टिकणार, ही पहिली शंका घेतली जाते. तिचे उत्तर याच दोन जिल्ह्यांच्या इतिहासात आहे. आज सांगली जिल्ह्यात असलेल्या किर्लोस्करवाडीतून १९२० पासून 'किर्लोस्कर', १९३० पासून 'स्त्री' आणि १९३४ पासून 'मनोहर' ही मासिके निघाली. नांगराच्या कारखान्याशेजारी छापली जाणारी ही मासिके शंकरराव किर्लोस्करांच्या संपादनाखाली महाराष्ट्रभर वाचली गेली आणि पुढे पुण्यास गेली. आज सातारा जिल्ह्यात असलेल्या औंधास श्रीपाद दामोदर सातवळेकरांच्या स्वाध्याय मंडळाने वैदिक वाङ्मयाचे प्रकाशन केले. १९४८ साली ते पारडीस हलेपर्यंत हे काम तेथून चालले. वाईच्या प्राज्ञपाठशाळेने 'धर्मकोशा'चे खंड सिद्ध केले आणि मराठी विश्वकोशाचे कार्य तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशी यांच्या नेतृत्वाखाली वाईतूनच चालले.

या तिन्ही उदाहरणांत एक समान गोष्ट आढळते. यांपैकी कोणतीही संस्था सुट्या पुस्तकांच्या बाजारातील खपावर उभी राहिलेली नव्हती. किर्लोस्करवाडीच्या मासिकांमागे कारखाना होता आणि वर्गणीदार होते. औंधास संस्थानिकांचा आश्रय होता. वाईस विद्वत्तेची परंपरा, देणग्या आणि शासनाचे साहाय्य होते. म्हणजे ज्या प्रकाशनांचा या भूमीला अभिमान वाटतो, ती सर्व कोणत्या ना कोणत्या आधारावर वाढली. मग भटक्या-विमुक्तांच्या प्रकाशनसंस्थेचा विषय निघताच 'ती स्वतःच्या पायावर उभी राहील काय?' असे विचारणे न्याय्य ठरत नाही. वेदांच्या संहितेला जो आधार उचित मानला गेला, तो पालावरच्या बोलीला अनुचित का ठरावा, याचे उत्तर शंका घेणाऱ्यांनी द्यावयाचे आहे.

आश्रयावाचून, केवळ निष्ठेवर चाललेल्या प्रकाशनाचीही परंपरा महाराष्ट्रात आहे. कृष्णराव भालेकरांनी १८७७ साली 'दीनबंधु' सुरू केला. मुकुंदराव पाटील यांनी १९१० पासून 'दीनमित्र' हे सत्यशोधक वृत्तपत्र नगर जिल्ह्यातील खेड्यातून अर्धशतकाहून अधिक काळ चालविले. गंगाधर पानतावणे यांच्या 'अस्मितादर्श'ने औरंगाबादेतून दलित लेखकांच्या पिढ्या घडविल्या. विलास वाघ व उषा वाघ यांच्या पुण्यातील 'सुगावा'ने परिवर्तनवादी लेखनाला घर दिले. या सर्वांच्या तुलनेत भटक्या-विमुक्तांच्या वाट्याला एखादे दीर्घायुषी नियतकालिक वा प्रकाशनगृह आले नाही. त्यांना आपले लेखन नेहमीच दुसऱ्याच्या दारी न्यावे लागले.

३

दुसऱ्याचे दार बंद होते असे मात्र म्हणता येणार नाही. 'ग्रंथाली'ने १९७८ साली दया पवार यांचे 'बलुतं', १९८० साली 'उपरा' आणि १९९४ साली किशोर शांताबाई काळे यांचे 'कोल्हाट्याचं पोर' प्रकाशित करून मराठी वाचकाची कक्षा रुंदावली, हे ऋण मान्य करूनच पुढे जावयास हवे. दादासाहेब मोरे यांचे 'गबाळ', पार्थ पोळके यांचे 'आभरान', लक्ष्मण गायकवाड यांचे 'उचल्या', भीमराव गस्ती यांचे 'बेरड', विमल मोरे यांचे 'तीन दगडांची चूल' ही पुस्तके निघाली, वाचली गेली, अभ्यासक्रमांतही आली.

तथापि या यादीकडे नीट पाहिले असता एक गोष्ट खटकते. ही सर्व आत्मकथने आहेत. प्रस्थापित प्रकाशनव्यवहाराने या समाजांकडून एकाच वाङ्मयप्रकाराची मागणी केली आणि ती पुरविली गेली. व्यथा सांगणारा लेखक हवासा वाटला. कादंबरीकार, निबंधकार, कोशकार वा समीक्षक म्हणून त्याला क्वचितच बोलाविण्यात आले. आयुष्य एकदाच सांगता येते. ते सांगून झाल्यावर लेखकाने काय लिहावे, याचा विचार त्याच्यापुरता कोणी केला नाही. माने यांनीच भटक्या-विमुक्तांच्या प्रश्नांवर लिहिलेले 'बंद दरवाजा' अभ्यासकांच्या चर्चेत 'उपरा'इतके कधीच राहिले नाही. त्यामागे दोन पुस्तकांच्या गुणवत्तेतील अंतरापेक्षा वाचकाच्या अपेक्षेतील अंतर अधिक आहे.

येथेच स्वतंत्र प्रकाशनसंस्थेचे पहिले प्रयोजन स्पष्ट होते. तिने लेखकाचे दुसरे पुस्तक छापावे. पहिल्या पुस्तकाला कुतूहल पुरते, दुसऱ्या पुस्तकाला विश्वास लागतो. लेखकाच्या विकासावर विश्वास ठेवून पाच-दहा वर्षे त्याच्यासोबत चालणारा प्रकाशक मराठीतील प्रस्थापित लेखकांना लाभला, म्हणूनच त्यांचे समग्र वाङ्मय उभे राहिले. पालावरून आलेल्या लेखकाला हे भाग्य अपवादानेच लाभले आहे.

४

दुसरे प्रयोजन भाषेचे आहे. मराठी समीक्षेत 'बोली' हा शब्द फार सैलपणे वापरला जातो. कैकाडी ही द्राविड कुळातील, तमिळशी जवळचे नाते असलेली भाषा आहे. वडारांची भाषा तेलुगूच्या जवळची आहे. पारध्यांची भाषा गुजराती-भिली समूहाकडे झुकते. या मराठीच्या बोली नव्हेत. मराठी मुलखात नांदणाऱ्या त्या वेगळ्या भाषा आहेत. त्यांना 'बोली' म्हटले की हस्तलिखितातील त्यांचा अंश संपादकाला अनावश्यक भार वाटू लागतो. वाचकाला कळणार नाही म्हणून संवाद मराठीत आणला जातो, चार-दोन शब्द चवीपुरते ठेवले जातात आणि शेवटी शब्दसूची जोडली जाते. शब्दसूचीत शब्द जगतो. वाक्य मात्र मरते.

लिपीचा प्रश्नही असाच आहे. द्राविड भाषांत ऱ्हस्व व दीर्घ 'ए' आणि ऱ्हस्व व दीर्घ 'ओ' असा भेद असतो. मराठीच्या रूढ देवनागरी लेखनात तो दाखविण्याची सोय नाही. कैकाडीतील मजकूर छापताना हा भेद दाखवावयाचा की नाही, आणि दाखवावयाचा तर कोणत्या चिन्हाने, हा निर्णय कोणीतरी घ्यावा लागतो. मुद्रितशोधकाने तो अजाणता घेण्याऐवजी ती भाषा बोलणाऱ्यांनी विचारपूर्वक घेणे इष्ट होय. त्याचप्रमाणे १९६२ च्या शुद्धलेखन नियमांनी 'केलं', 'झालं' ही रूपे बोलण्यातील उच्चार दाखविण्यापुरती मान्य केली. परिणामी निवेदन प्रमाण भाषेत आणि पात्रांचे बोलणे तेवढे बोलीत, अशी उतरंड पुस्तकागणिक घट्ट झाली. सांगणारा शहाणा आणि बोलणारा अडाणी, असा अर्थ या मांडणीतून न सांगता उमटतो. वाहरू सोनवणे यांच्या 'गोधड' (१९८७) या संग्रहाने भिलोरीला कवितेची भाषा म्हणून जे स्थान दिले, त्याचे महत्त्व या पार्श्वभूमीवर कळते. सातारा-सांगलीतील भाषांना असे स्थान देणारा प्रकाशक अद्याप उभा राहावयाचा आहे, आणि त्या भाषा बोलणारी वडीलधारी पिढी त्याच्यासाठी थांबणार नाही.

५

तिसरे प्रयोजन संमतीचे आहे आणि ते विद्यापीठीय अभ्यासकाला अडचणीत टाकणारे आहे. गोंधळ्यांची करपल्लवी, काही भटक्या जमातींच्या गुप्त बोली, जातपंचायतींची वचने, जन्म-मृत्यूच्या वेळी म्हटली जाणारी गाणी ही सामग्री गेली अनेक वर्षे प्रबंधांतून संकलित होत आहे. संशोधक पालावर जातो, ध्वनिमुद्रण करतो, पदवी मिळवितो. सांगणाऱ्या वृद्धेचे नाव परिशिष्टात, बहुधा वयासह, येते. पुस्तक निघाल्यावर स्वामित्वहक्क संकलकाचा असतो. मौखिक परंपरेवर समाजाचा सामूहिक हक्क मानण्याची तरतूद १९५७ च्या स्वामित्वहक्क कायद्यात नाही. म्हणून हा व्यवहार बेकायदा नाही. तो न्याय्य आहे असे मात्र म्हणवत नाही. पोलिसांपासून आणि गावापासून स्वतःचा बचाव करण्यासाठी घडविलेली गुप्त बोली छापून उघडी करावी की नाही, हे ठरविण्याचा अधिकार संशोधकाला कोणी दिला?

हा प्रश्न अन्यत्रही उद्भवला आणि तेथे त्याचे उत्तर प्रकाशनसंस्था स्थापूनच दिले गेले. ऑस्ट्रेलियाच्या किंबर्ली प्रदेशातील आदिवासी ज्येष्ठांनी १९८४ च्या मेळाव्यात आपल्या कथांवर आपले नियंत्रण असावे असा विचार मांडला. त्यातून ब्रूम येथे 'मागाबाला बुक्स' ही संस्था निर्माण झाली. १९८७ साली तिची पुस्तके येऊ लागली आणि १९९० साली ती स्वतंत्र झाली. महानगरांपासून शेकडो मैल दूर असूनही ती आजवर टिकली आहे. कॅनडात ब्रिटिश कोलंबियात १९८० साली 'थेटस बुक्स' स्थापन झाले. त्या संस्थेचे काम दीर्घकाळ पाहिलेल्या ग्रेगरी यंगिंग यांनी २०१८ साली मूलनिवासींच्या लेखनाच्या संपादनाविषयी मार्गदर्शक ग्रंथ सिद्ध केला; परंपरागत ज्ञान छापण्यापूर्वी समाजाची संमती घेणे हे त्यातील एक मुख्य सूत्र होय. भारतात रूबी हेम्ब्रम यांनी २०१२ साली कोलकात्यात 'आदिवाणी' सुरू करून संताळी आणि इंग्रजी पुस्तके काढली. रांचीस वंदना टेटे यांच्या प्रयत्नांनी प्यारा केरकेट्टा फाउंडेशन झारखंडी भाषांतील लेखन प्रकाशित करीत आले आहे. या संस्था मोठ्या नाहीत, श्रीमंतही नाहीत. परंतु 'छापू नये' असे म्हणण्याचा अधिकार त्यांनी आपल्या हाती घेतला आणि त्यामुळे 'छापावे' या त्यांच्या शब्दाला वजन आले.

६

प्रत्यक्ष कार्यपद्धतीचा विचार केला तर अडचण मुद्रणाची नाही. संगणकीय अक्षरजुळणी आणि डिजिटल मुद्रणामुळे हजार प्रतींच्या जुन्या रूढ आवृत्तीचे बंधन गेले आहे. शंभर-दोनशे प्रती काढून गरजेप्रमाणे पुन्हा छापता येतात. आयएसबीएन क्रमांक राजा राममोहन रॉय यांच्या नावे असलेल्या राष्ट्रीय अभिकरणाकडून विनामूल्य मिळतो. खरी अडचण तीन ठिकाणी आहे: संपादनास लागणारा वेळ, वितरण आणि लेखकाशी होणारा करार.

संपादनासाठी प्रत्येक भाषेची छोटी समिती हवी आणि तीत त्या समाजातील किमान दोन जाणकार हवेत. ते पदवीधर असण्याची आवश्यकता नाही. वितरणाची कल्पनाही बदलावी लागेल. विक्रेत्याचे आणि वितरकाचे कमिशन वजा जाता छोट्या प्रकाशकाच्या हाती फारसे काही उरत नाही, आणि भटक्या समाजातील वाचक पुस्तकांच्या दुकानात येत नाही. तो नगर जिल्ह्यातील मढीच्या कानिफनाथ यात्रेत भेटतो, पुसेगावच्या आणि खरसुंडीच्या जत्रेत भेटतो. जेथे जमाती एकत्र येतात तेथे पुस्तक गेले पाहिजे, आणि ज्यांना अक्षरओळख नाही त्यांच्यासाठी ते मोठ्याने वाचले गेले पाहिजे. 'ग्रंथाली'ने ग्रंथयात्रेद्वारे गावोगाव पुस्तक नेण्याचा जो प्रयोग केला, त्याचे हे स्वाभाविक पुढचे पाऊल ठरेल.

कराराविषयी लेखकांत मोठे अज्ञान आहे. स्वामित्वहक्क कायद्याच्या १९ व्या कलमानुसार हक्क लेखी करारानेच हस्तांतरित होतात आणि करारात मुदत नमूद नसेल तर ती पाच वर्षांची मानली जाते. नवशिक्या लेखकाला हे क्वचितच ठाऊक असते. छापून येत आहे याच कृतज्ञतेत तो सही करतो, किंवा करार न करताच हस्तलिखित देतो. नव्या संस्थेने करार लेखकाच्या भाषेत वाचून दाखवावा, मुदत स्पष्ट लिहावी आणि मानधनाचा हिशेब वर्षातून एकदा, रक्कम कितीही अल्प असली तरी, द्यावा. उचल आणि मुकादमी यांच्या हिशेबात पिढ्यान्पिढ्या फसलेल्या समाजाला शब्दाच्या व्यवहारात तरी चोख हिशेब मिळणे, ही लहान गोष्ट नाही.

७

या कल्पनेवर दोन आक्षेप संभवतात. पहिला असा की, स्वतंत्र प्रकाशनामुळे हे लेखन मुख्य प्रवाहापासून तुटेल आणि एका नव्या वस्तीत कोंडले जाईल. 'अस्मितादर्श'चा अनुभव याच्या उलट आहे. तेथे घडलेले लेखक पुढे सर्वत्र छापले गेले. आपले घर असलेला माणूस दुसऱ्याच्या घरी सन्मानाने जातो. दुसरा आक्षेप वाङ्मयीन दर्जाचा आहे. समाजाचा अधिकार मानला की गुणवत्तेची चिकित्सा मागे पडेल, ही भीती सर्वस्वी निराधार नाही. नात्यागोत्याचे दडपण, पंचांची नाराजी, एखाद्या नेत्याच्या पुस्तकाचा आग्रह हे धोके खरे आहेत. विशेषतः स्त्रियांनी जातपंचायतीविरुद्ध लिहिलेले हस्तलिखित 'समाजाची संमती नाही' या सबबीखाली परत जाऊ शकते. म्हणून सामूहिक परंपरेसाठी समाजाची संमती आणि व्यक्तीच्या अनुभवासाठी केवळ त्या व्यक्तीची संमती, हा भेद संस्थेच्या घटनेतच लिहिला गेला पाहिजे. ज्या संस्थेत स्त्री संपादक नाही, तिला हा भेद पाळता येणार नाही.

उरतो तो आधाराचा प्रश्न, आणि तो सरळ मराठी विभागांच्या दारात येतो. १९६२ साली स्थापन झालेल्या शिवाजी विद्यापीठाच्या कार्यक्षेत्रात सातारा, सांगली आणि कोल्हापूर हे तिन्ही जिल्हे येतात. येथील महाविद्यालयांची ग्रंथालये दरवर्षी मराठी पुस्तके खरेदी करतात. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०१० च्या नियमावलीने गुणांकन पद्धती आणल्यानंतर प्राध्यापकांनी पदरचे पैसे घालून छापलेल्या, कोणी न वाचलेल्या ग्रंथांच्या राशी याच ग्रंथालयांत पडून आहेत. म्हणजे पैसा नव्हता असे नाही. तो कोणत्या पुस्तकासाठी खर्चावा याची दृष्टी नव्हती. प्रत्येक महाविद्यालयाने अशा संस्थेच्या प्रत्येक पुस्तकाच्या दोन प्रती आगाऊ नोंदविल्या, पदव्युत्तर अभ्यासक्रमात दर फेररचनेच्या वेळी आत्मकथनाऐवजी या लेखकांची एखादी कादंबरी, कवितासंग्रह वा वैचारिक पुस्तक नेमले आणि पालावरून संकलित केलेल्या सामग्रीची एक प्रत ज्यांनी ती सांगितली त्यांच्याकडे परत पोहोचविली, तर संस्थेच्या पहिल्या पाच वर्षांचा पाया तयार होईल.

'उपरा' या शब्दाचा अर्थ मराठीच्या अध्यापकाला वर्गात दरवर्षी समजावून सांगावा लागतो. तो सांगत असताना समोरच्या बाकावर त्याच समाजातील एखादा विद्यार्थी वहीत काही लिहीत बसलेला असतो. ती वही उद्या कोठे न्यावी, हे त्याला सांगता येईल असे ठिकाण त्याच्याच जिल्ह्यात असले पाहिजे. तोवर भटक्या-विमुक्तांच्या साहित्यावरील चर्चासत्रे कितीही भरली तरी ती पाहुण्यांविषयी यजमानांनी केलेली चर्चाच राहील.